शिळ्या कढीला ऊत नव्हे

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा 'हू' नावाचा अल्बम 6 डिसेंबर 2019 रोजी आला. तेव्हापासून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला लेखी उत्तर द्यायलाच हवं. वाक्य असं: म्हातारे फिरून जुनंच वाजवायला लागले, शिळ्या कढीला ऊत आणला. दुसऱ्या बाजूने तेवढ्याच जोरात ऐकू येतं ते 'जुनं ते सोनं'. मला दोन्ही मान्य नाहीत.

नगरच्या माणसाने लंडनच्या बँडची बाजू का घ्यावी, असं कुणी विचारेल. कारण सरळ आहे. या बँडच्या आवाजाचं एक मूळ आमच्या दौंड रस्त्यावर, अरणगावजवळच्या मेहेराबादला आहे. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. 10 जुलै 1925 रोजी बाबांनी मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते सोडलं नाही. बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड त्यांच्या हयातीतच त्यांचा अनुयायी झाला होता, पण दोघांची भेट झाली नाही. 1972 साली तो इथे आला तो समाधीच्या दर्शनाला. त्याच्या बँडने पुढे 1976 साली जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात नाव नोंदवलं, आणि त्याचा गुरू जवळपास 44 वर्षं एक शब्द न बोललेला माणूस. हा योग मला लहानपणापासून गूढ वाटत आला आहे.

ज्या 'जुन्या आवाजा'वरून वाद आहे, तो आधी नीट ऐकू या. 1971 सालचं 'बाबा ओ'रायली' घ्या. नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. सुरुवातीला जी बारीक सुरांची माळ गरगर फिरत राहते, तिला लोक सिंथेसायझर समजतात. प्रत्यक्षात तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन आहे. एक पट्टी दाबून धरली की सूर आपोआप पुन्हा पुन्हा उमटावा, अशी त्याला सोय होती. त्या चक्रावर पियानोचे तीनच भारदस्त कॉर्ड येतात, मग कीथ मूनचे ड्रम कोसळतात, मग रॉजर डाल्ट्रीचा खडा आवाज लागतो. शेवटी व्हायोलिन सगळ्यांना ओढत धावत सुटतं. खाली जप चालावा आणि वर दंगा चालावा, तशी ही रचना आहे. 'द हू'चा आवाज म्हणजे ही तेढ. नुसता दंगा इतर बँडही करत होते.

आता पहिला आक्षेप: नवं सुचेनासं झालं की माणूस जुन्याकडे वळतो. यात तथ्य असू शकतं, आणि त्याचा दाखलाही याच बँडने दिलेला आहे. 1982 च्या अल्बमनंतर 24 वर्षांनी, 2006 मध्ये, त्यांनी 'एंडलेस वायर' काढला. त्यातलं पहिलंच गाणं 'फ्रॅगमेंट्स' तशाच गरगरत्या सुरांनी सुरू होतं. ऐकताक्षणी वाटतं, अरे, हे तर 'बाबा ओ'रायली'! आणि तिथेच गाणं पडतं, कारण मूळ गाणं आठवलं की हे ऐकायची गरज उरत नाही. त्याला शिळी कढी म्हणा, मी हरकत घेणार नाही. 2019 च्या अल्बममध्ये ही उसनवारी नाही. 'डीटूर' या गाण्याच्या नावात बँडच्या 1964 पूर्वीच्या नावाची, 'द डीटूर्स'ची, आठवण आहे. ठेकाही साठच्या दशकातल्या नाचगाण्यांचा आहे. पण कुठल्या एका जुन्या गाण्याची ती नक्कल नाही. नक्कल करणारा जुन्या वस्तूकडे बघतो. परतणारा ती वस्तू घडवण्याच्या रीतीकडे जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या आहेत.

ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या माणसाला तर हा फरक समजावून सांगावा लागू नये. आमच्याकडे वारकरी भजन रूपाच्या अभंगाने सुरू होतं. आजही होतं, उद्याही होईल. विणेकऱ्याला कुणी विचारत नाही की बुवा, काल म्हटलं तेच आज का? भजन शिळं झालं की ताजं आहे, ते टाळ धरणाऱ्याच्या हातावरून कळतं. चाल कोणत्या वर्षाची, हे त्यासाठी कुणी पाहत नाही.

यावर माझा एक मित्र म्हणतो, भजनाचं ठीक आहे, पण रॉक म्हणजे बंड, आणि बंडखोराने मागे वळू नये. हा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो. 1965 साली या बँडने 'माय जनरेशन' या गाण्यात म्हातारं होण्याआधी मरण यावं, अशी इच्छा गायली होती. 'हू' अल्बम आला तेव्हा डाल्ट्री 75 वर्षांचा होता आणि टाउनशेंड 74 चा. मग त्यांनी काय करावं? आपण तरुण आहोत असं सोंग आणावं? त्यांनी ते केलं नाही. पहिल्याच गाण्यात डाल्ट्री ऐकणाऱ्याला तोंडावर सांगतो की तुम्हाला हे आवडणार नाही, आणि गाण्याचं नावच सांगतं की हे सगळं संगीत एक दिवस विरून जाणार आहे. 'स्ट्रीट साँग' हे गाणं ग्रेनफेल टॉवरच्या आगीवर आहे. 14 जून 2017 च्या त्या आगीत 72 माणसं गेली. ती इमारत पश्चिम लंडनमधली. हा बँडही पश्चिम लंडनच्याच गल्ल्यांतून वर आला. 'बॉल अँड चेन' ग्वांतानामोच्या तुरुंगावर आहे. जुन्या आवाजात आजचा संताप व्यक्त होत असेल, तर बंड मागे कुठे वळलं?

तिसरा आक्षेप मात्र मनाला लागतो. मून 1978 मध्ये गेला, बेसवादक जॉन एन्टविसल 2002 मध्ये. अर्धा बँड स्मशानात असताना तो आवाज येणार कुठून? उरलेल्या दोघांनीही हा अल्बम एकत्र बसून केला नाही. टाउनशेंडने आपलं वाजवलं, डाल्ट्री वेगळ्या वेळी येऊन गायला. हे सगळं खरं आहे, आणि मूनची उणीव मला प्रत्येक गाण्यात जाणवते. काही गाण्यांत ड्रमवर झॅक स्टार्की आहे आणि तो चोख आहे, पण मून ज्या ठिकाणी तोल जाईल असं वाजवायचा, तिथे हा तोल सांभाळतो. तरीही या आक्षेपात एक गोष्ट नजरेआड होते. टाउनशेंड पहिल्यापासून गाण्याचा कच्चा आराखडा घरी एकट्याने ध्वनिमुद्रित करायचा आणि मग तो बँडपुढे ठेवायचा. 'बाबा ओ'रायली'चं ते चक्रही एका खोलीत एकट्या माणसाने फिरवलेलं होतं. एकांत या आवाजात मुळापासून आहे. आणि ही गाणी डाल्ट्रीला आधी पसंत नव्हती, तू तुझा स्वतंत्र अल्बम काढ असं तो म्हणाला होता. नंतर तोच त्यांत असा उतरला की पंचाहत्तरीतला घसा ऐकून अंगावर काटा येतो. दोघांमधली तेढ आहे तिथेच आहे.

'जुनं ते सोनं'वाल्यांना माझं थोडकंच सांगणं आहे. अल्बमचा उत्तरार्ध सैल आहे. 'शी रॉक्ड माय वर्ल्ड' नसतं तरी चाललं असतं. आवडत्या माणसांचं आहे म्हणून सगळंच सोनं म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

आणि आता ते गाणं, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला: 'बीड्स ऑन वन स्ट्रिंग', एका सूत्रातले मणी. सर्व धर्मांना एका दोऱ्यात मण्यांसारखं ओवण्याबद्दल मेहेरबाबांनी म्हटलं होतं, तिथून हे शब्द आलेले आहेत. मेहेराबादच्या समाधीवर घुमटाच्या चार कोपऱ्यांत मंदिर, मशीद, चर्च आणि पारशी अग्निपात्र अशी चार चिन्हं आहेत. टेकडी चढणाऱ्याला ती लांबूनच दिसतात. टाउनशेंडने ती पाहिली त्याला 2019 मध्ये 47 वर्षं झाली होती. इतक्या वर्षांनी त्याने यावर गाणं लिहिलं, आणि त्याला चाल दिली जॉश हन्सॅकर नावाच्या दुसऱ्याच माणसाने. नवं सुचत नाही म्हणून जुनं उगाळणारा माणूस आपल्या सर्वांत जिव्हाळ्याच्या गोष्टीची चाल परक्याच्या हाती देत नाही.

वाद अजून संपला नसेल, तर एक करा. आधी 'फ्रॅगमेंट्स' लावा, लगेच त्यावर 'डीटूर' लावा, आणि मग 'बीड्स ऑन वन स्ट्रिंग'. आवाज मोठा ठेवा. शेजारी काय म्हणतील ते मी बघून घेईन.