नांव विचारावें कीं गुण पाहावा?

एखादें संकेतस्थळ उघडावयास जावें आणि ‘आपला ब्राउझर येथें चालत नाहीं’ एवढेंच उत्तर मिळावें, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. घरांतील वडील मंडळींस अशा वेळीं आपलेंच कांहीं चुकलें असें वाटतें. दोष पुष्कळदां त्यांचा नसून द्वारपालाच्या पद्धतीचा असतो.

ब्राउझर पान मागतांना आपलें नांव कळवितो. सन १९९४ मध्यें निघालेला नेटस्केप स्वतःस ‘मोझिला’ म्हणवीत असे. पुढें त्यास पानाचे चौकटींत भाग पाडून दाखविण्याची कला साधली, तेव्हां तें नांव पाहूनच चौकटींचीं पानें देण्याची रीत पडली. मग मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनेंही स्वतःस ‘मोझिला’च म्हणविलें आणि खरें नांव कंसांत घातलें! २००८ सालचा क्रोम तर मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको व सफारी इतक्यांचीं नांवें घेतो. वाचकांस संकल्पांतील गोत्रप्रवरांचा उच्चार आठवेल. पण प्रवर निदान आपले असतात.

आंकड्याचीही तीच कथा. ऑपेराची दहावी आवृत्ति २००९ मध्यें निघाली, तेव्हां कित्येक संकेतस्थळें पहिलाच अंक वाचून तीस ‘एक’ समजत; म्हणून तिनें ओळखींत ९.८० हाच आंकडा पुढें ठेविला. जेथें खरें बोलणारा दारांतून परत जातो, तेथें सारेच सोंग घेऊं लागतात.

जाणते कारागीर नांव विचारीतच नाहींत. हवें असलेलें काम ब्राउझरास येतें काय, एवढें जागच्या जागीं तपासतात. येत नसल्यास साधें पान पुढें ठेवितात. आम्ही वर्गांत हेंच करीत असूं. मुलाचें व्याकरण आडनांवावरून ठरत नसे. ‘राजन्’ शब्द चालवावयास सांगितला कीं तत्काळ कळे.

तथापि प्रत्येक नकार अन्यायाचा नव्हे. ज्या ब्राउझरची डागडुजी त्याच्या कर्त्यांनींच सोडून दिली, त्यावरून पैशाचा व्यवहार नाकारणाऱ्या बँकेस आम्ही दोष देणार नाहीं. फक्त कारण स्पष्ट सांगावें.

असा नकार आल्यास प्रथम ब्राउझर अद्ययावत् करावा. तरीही न चाललें तर दुसऱ्या ब्राउझरानें तेंच पान उघडून पाहावें. मात्र अनोळखी पानावर ‘येथें दाबून नवा ब्राउझर घ्या’ असें असेल तर तेथें बोट लावूं नये. तो त्याच्या कर्त्यांच्या स्थळावरूनच घ्यावा.