पन्नासावा वाढदिवस कुणाचा, हॉटेलचा की दादा-वहिनींचा?

जरा तिखट लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

निपाणीच्या आमच्या दादा-वहिनींच्या लग्नाला डिसेंबरात पन्नास वर्षं होतायत. जेवायला बासष्ट माणसं. हॉटेल ठरवायला पुतण्यानं घरच्या ग्रुपवर मतदान लावलं. पुण्याची, बेंगळुरूची, एक तर थेट अमेरिकेतली, सगळी पोरं दोन तासांत मत देऊन मोकळी. निवडून आलं बेळगाव-निपाणी हायवेवरचं एक हॉटेल. कारणं काय, तर स्टार भरपूर, लॉनवर दिवे छान, फोटो चांगले येतात. मत देणाऱ्यांत दादा-वहिनीच नाहीत. का, तर म्हणे सरप्राइज द्यायचंय!

छत्तीस वर्षं बँकेत काढली. जागेची पाहणी नाही, कर्जदाराची भेट नाही आणि कर्ज मंजूर, असं करणाऱ्या मॅनेजरचं काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून टिळकवाडीतून निघालो आणि बसनं जाऊन हॉटेल बघून आलो. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या अठ्ठावीस. दादाचे दोन्ही गुडघे गेलेत. वर स्पीकर असे, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडायला पाहिजे. आणि जेवण बुफे.

या बुफेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. गेल्या वर्षी नात्यातल्याच एका पन्नासाव्याला गेलो होतो. आजोबांचा हात थरथरतो. त्यांना ताट धरून उभं राहणं जमेना. आजी त्यांच्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना भरवलं, मग केक, मग फोटो, मग परत फोटो. स्वतःचं ताट घेऊन बसल्या तेव्हा साडेदहा वाजून गेलेले, रोटी कातड्यासारखी झालेली. पन्नास वर्षं जिनं घरादाराला वाढलं, तिच्याच सत्काराच्या दिवशी तिला वाढायला एक माणूस नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर काय, तर अंगठेच अंगठे, "मस्त झाला कार्यक्रम"!

दादाचं लग्न झालं ते निपाणीत, तंबाखूच्या वखारीत. वखार रिकामी करून, झाडून, सडा घातला तरी वास काही जाईना. पहिली पंगत शिंकतच बसली. पण वडील स्वतः पंगतीतून फिरले. कुणाच्या पानावर काय नाही, म्हाताऱ्यांना भात मऊ आहे का, विचारत. ती वखार परत आणा असं मी म्हणत नाही ओ. हॉटेलातच करू या. पण खाली बसून जेवायची सोय असलेलं, माणूस येऊन वाढेल असं हॉटेल शोधा. आपल्या गावात अशी अजून आहेत. त्यांचे दिवे चमकत नाहीत, म्हणून ती फोनवर वर दिसत नाहीत, एवढंच.

आता येणारी माणसं बघा. दादाचे जुने शेजारी जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे, कांदा-बटाटा न खाणारे. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि कार्यक्रम साडेआठचा! म्हणजे बोलावलं, पण उपाशी ठेवायला. धाकट्या सुनेचं माहेर धारवाडकडचं, लिंगायत, शाकाहारी. गडहिंग्लज-कागलची आमची मंडळी मटणाशिवाय जेवण मानत नाहीत, पण एका दुपारी त्यांचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी घरी पांढरा-तांबडा करू. आणि या सगळ्यांना पोरांनी निवडलंय काय? पनीर बटर मसाला, मंचुरियन, पास्ता! बेळगावच्या मांड्यांसाठी लोक लांबून येतात, कुंदा पुण्या-मुंबईला बांधून नेतात. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, शेवटी दहीभात. हे जेवण कन्नड व्याह्यांनाही आपलं आणि आम्हालाही आपलं. सीमेचा वाद 1956 पासून चाललाय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. वांग्यावर मात्र दोन्हीकडचं एकमत आहे.

म्हणून दुपारी बारा, निपाणी गावातच. कोल्हापूरकर चाळीसएक किलोमीटर, कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की आलेच. बेळगावकरांना थोडं लांब पडेल, पण उजेडात परत जातील. रात्री अकराला तवंदी घाटातून कुणी गाडी चालवायची, हे मतदानात कुणी विचारलं नव्हतं. एकजण तर म्हणाला, दिवाळीला सगळे येतातच, नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेलाच उरकू. अरे बाबा, एक नोव्हेंबरला इकडं काळा दिन, तिकडं राज्योत्सवाची मिरवणूक. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना बेळगावातून बाहेर काढायचं? 2025 च्या फेब्रुवारीत कंडक्टरच्या मारहाणीवरून एसटी बंद पडली होती, तेव्हा काय हाल झाले ते इथल्यांना विचारा.

पैशाचंही बोलतो, कॉमर्सवाला आहे. या हॉटेलची अट किमान पंचाहत्तर ताटांची, ताट साडेसहाशेचं. आपण बासष्ट. म्हणजे न जेवलेल्या तेरा ताटांचे 8,450 रुपये. वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 'कंपल्सरी' म्हणाले. तो कंपल्सरी नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय. साध्या हॉटेलला जीएसटी 5 टक्के, तेवढा द्यायचा. बाकी वाढणाऱ्या पोरांच्या हातात आपण आपल्या हातानं ठेवू.

पुतण्या म्हणतो, "काका, पैसे आम्ही देतोय ना." द्या की. पण पैसे देणाऱ्यानं जागा ठरवायची, तर मग तो कार्यक्रम पैसे देणाऱ्याचा. पत्रिकेवर त्याचंच नाव घाला.

सरप्राइज मी फोडलंय. मुद्दाम फोडलं. वहिनींना विचारलं, काय पाहिजे? त्या म्हणाल्या, "भावजी, मला बसून जेवायचंय. गरम. आणि यांच्या शेजारी." ते मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. दोन दिवस झाले, कुणाचा अंगठा आलेला नाही. अॅडव्हान्स अजून दिलेला नाही. रविवारी पुण्याची मंडळी येतायत, त्यांना आधी त्या अठ्ठावीस पायऱ्या दाखवायला नेणार आहे, दादाला बरोबर घेऊन.