गाडी आपली, कुलूप कंपनीचे

गेल्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा ट्रेड केला, काही वर्षे एका उस्तादांकडे शागिर्दी केली आणि आता मोहल्ल्याच्या टोकाला त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. त्याच्याकडे एक डिझेल गाडी आली होती. सायलेन्सरच्या लाइनमधला फिल्टर, म्हणजे डीपीएफ, काजळीने भरला होता. लॅपटॉप जोडल्यावर फॉल्ट कोड दिसला, पण काजळी जाळून फिल्टर साफ करण्याचे बटण दाबले की सॉफ्टवेअर लायसन्स मागायचे. कुणीतरी त्याला फुकटचे क्रॅक पाठवले होते. "सर, हे टाकू का? गिऱ्हाईक थांबलंय."

आम्ही ‘नको’ म्हणालो. पण का नको, हे त्याला नीट समजावून सांगता आले नाही. नंतर त्यावर बराच विचार केला, वाचले. हा लेख त्यातूनच आला.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. आता गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, डॅशबोर्ड यांचे छोटे छोटे कॉम्प्युटर बसलेले असतात. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला, म्हणजे ओबीडी पोर्टला, स्वस्तातले यंत्र लावून कोणीही इंजिनचे साधे कोड वाचू शकतो. पण एबीएस किंवा एअरबॅगच्या आत डोकावणे, नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा नंबर गाडीला कळवणे, बदललेले मॉड्यूल गाडीशी जुळवणे ही कामे कंपनीच्या खास भाषेत चालतात. ती भाषा जाणणारे सॉफ्टवेअर नसेल, तर पाना-पक्कड कितीही सराईतपणे चालो, काम अडते.

घरी रविवारी स्वतःच गाडी उघडणारे हौशी मिस्त्री जगभर आहेत. त्यांच्यासाठी हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी लायसन्सच्या वेगवेगळ्या पद्धती काढल्या आहेत. फोर्ड आणि माझदा गाड्यांसाठीचे फोरस्कॅन घ्या. कोड वाचणे, पुसणे, चालू गाडीचे आकडे बघणे हे विंडोजवर फुकट. मात्र मॉड्यूलची सेटिंग बदलायची किंवा प्रोग्रॅमिंग करायचे, तर वेगळे ‘एक्सटेंडेड लायसन्स’ मागून घ्यावे लागते. ते त्याच कॉम्प्युटरपुरते असते आणि ठरावीक मुदतीनंतर संपते. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवायचा निर्णय जाहीर केला, तरी इकोस्पोर्ट आणि फिगो आजही आपल्या रस्त्यांवर धावताहेत. त्यांच्या मालकांना हे सॉफ्टवेअर चांगलेच उपयोगी पडते.

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीसाठी अमेरिकेतल्या रॉस-टेक या कंपनीचे व्हीसीडीएस आहे. तिथे सॉफ्टवेअर डाउनलोड करायला पैसे नाहीत, त्यांची अस्सल केबल हेच लायसन्स. हौशी माणसाला तीन किंवा दहा गाड्यांपुरती केबल मिळते, धंदा करणाऱ्याला अमर्याद गाड्यांची. तीनवाली घेतली आणि पुढे काम वाढले, तर वरचा फरक भरता येतो. ही पद्धत आम्हाला न्यायाची वाटते. घरात दोन गाड्या असणाऱ्याने गॅरेजवाल्याइतके पैसे का द्यावेत? ओबीडीइलेव्हन हे तिसरे उदाहरण. त्यात क्रेडिट विकत घ्यायचे आणि एकेका कामाला ते खर्चायचे. एकदाच काम असेल तर हे स्वस्त पडते, रोज असेल तर खिसा रिकामा.

ही मंडळी गाड्या बनवत नाहीत. कंपनीची भाषा खपून, अभ्यास करून शिकलेली आहेत. त्यांच्या मेहनतीचा मोबदला मागण्यात काही चूक नाही. आमचा शागिर्दही गाडी बघण्याचे शंभर-दोनशे रुपये घेतोच की! शिवाय प्रोग्रॅमिंग करायला धीर लागतो. मध्येच बॅटरी उतरली तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. एअरबॅगच्या सेटिंगमध्ये चुकीचा आकडा गेला, तर ते अपघाताच्या क्षणापर्यंत कुणाला कळतही नाही. म्हणून अशा कामांपुढे एक दार असावे, ते उघडताना माणसाने क्षणभर थांबावे, हे बरेच आहे. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदलले, ते कुणालाच माहीत नसते. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते, ती अशा सॉफ्टवेअरच्या भरवशावर कशी सोडायची?

खरे दुखणे वेगळेच आहे. आता गाडी बनवणारी कंपनीच आतून कुलूप लावते आहे. फियाट-क्रायस्लरने अमेरिकेत साधारण २०१८ च्या मॉडेलांपासून ‘सिक्युरिटी गेटवे’ बसवायला सुरुवात केली. फोक्सवॅगनच्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये काही सेटिंग बदलायच्या आधी कंपनीच्या सर्व्हरकडून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. कारण दिले जाते हॅकिंगचे. ते अगदीच खोटे नाही. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवली आणि कंपनीला १४ लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले. पण चोरासाठी लावलेले कुलूप घरमालकालाही बाहेर ठेवणार असेल, तर किल्ली कुणाला, कोणत्या अटीवर आणि किती पैशात, हे एकट्या कंपनीने ठरवू नये.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हे लोकांनी मतदानाने ठरवले. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये. डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही रास्त दरात मिळावी, असा कौल मिळाला. फुकट द्या असे कुणी म्हटले नव्हते.

आपल्याकडेही पाया घातला गेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही चालणार नाही, असेही बजावले. पुढे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेले. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात वाहनेही होती, आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती दिली नाही तर गॅरेजवाल्याने काय करायचे, याचे उत्तर तिथे सापडत नाही.

आपल्या समाजातल्या किती घरांची चूल गॅरेजवर पेटते, हे वेगळे सांगायला नको. डेंटिंग, पेंटिंग, वायरिंग, इंजिनकाम, हा हुनर बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आला. पुढच्या दहा वर्षांत लॅपटॉप न चालवणारा मिस्त्री फक्त ऑइल बदलत बसेल, अशी आम्हाला धास्ती आहे. आणि आयटीआयला जाणाऱ्या पोरांना आम्ही शिक्षक अजूनही ‘इंग्रजी आलं नाही तरी चालेल’ असे सांगतो! या सॉफ्टवेअरचा प्रत्येक इशारा इंग्रजीत असतो, तो न वाचता ‘ओके’ दाबणाऱ्या हातात गाडी कशी द्यायची?

त्या विद्यार्थ्याने त्या दिवशी गिऱ्हाइकाला खरे सांगून परत पाठवले. साडेतीन हजारांचे काम गेले. आता त्याने शेजारच्या तीन गॅरेजवाल्यांशी बोलणे केले आहे. चौघे मिळून धंद्यासाठीचे अस्सल लायसन्स घ्यायचे, एक लॅपटॉप, आळीपाळीने वापरायचा. एका लायसन्सवर चार दुकाने चालतात का, हे कंपनीला आधी लेखी विचार, एवढे आम्ही त्याला सांगितले आहे. ईमेलचा मसुदा येत्या रविवारी आमच्याकडे बसून लिहायचा आहे.