शेवटची गाडी आणि तिसरी घंटा

‘आजच्या पिढीला संगीत नाटकाची गोडी राहिलेली नाही,’ हे वाक्य वर्गात, स्नेहसंमेलनात आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आपण इतक्यांदा ऐकतो की ते खरेच वाटू लागते. मला ते मान्य नाही. गोडी लागायला पदार्थ आधी पानात पडावा लागतो. आमच्यापैकी कित्येकांच्या पानात तो कधी पडलाच नाही.

माझेच उदाहरण देते. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट आला. शाळेतल्या बाईंनी त्यातली गाणी मोबाईलवर ऐकवली आणि सांगितले की हे मूळचे नाटक, १९६७ सालचे; लिहिले पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत अभिषेकीबुवांचे, आणि खाँसाहेबांचे काम करणारे वसंतराव देशपांडे पदे स्वतःच गात. मला याचेच नवल वाटले. पडद्यावर चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. नाटकात मात्र जो बोलतो तोच गातो, तेही आपल्यासमोर, आणि लोकांनी ‘वन्समोअर’ दिला की पुन्हा गातो!

पुढे मी पाचवीत असताना कोल्हापुरात त्या नाटकाचा प्रयोग लागला. जाहिरात कापून मी कंपासपेटीत जपून ठेवली. आबा गुळाच्या बाजारात हमाली करतात. एका तिकिटाला त्यांची दिवसाची कमाई जाणार होती, तरी त्यांनी ‘नाही’ म्हटले नाही. अडले ते दुसरीकडेच. प्रयोग रात्री साडेनऊचा आणि आमच्या गावाकडची शेवटची गाडी पावणेनऊची. ‘‘दीडला सुटल्यावर यायचं कशानं?’’ आबांनी विचारले. घरात कोणापाशीच उत्तर नव्हते. त्या रात्री साडेनऊपर्यंत मी जागी राहिले. आता तिसरी घंटा झाली असेल, असे मनाशी म्हटले आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

चित्रपट नंतर मी किती तरी वेळा पाहिला. तो चुकला तरी पुन्हा गाठता येतो. त्या रात्रीचा प्रयोग कुठून गाठणार?

आमच्या कानांना सूर परका आहे असे कोणी समजू नये. सप्ताहातले भजन आणि जत्रेतल्या तमाशाची गवळण ऐकतच आम्ही वाढलो. तमाशाचा फड आमच्या दारी येतो, एवढाच फरक. पूर्वी नाटक कंपन्याही बिऱ्हाड घेऊन गावोगाव मुक्काम करीत. आता प्रेक्षकानेच नाटकाकडे जायचे आणि परतण्याची सोय ज्याची त्याने पाहायची.

परीक्षेत मात्र आम्ही १८८० च्या ‘शाकुंतला’पासून १९११ च्या ‘मानापमाना’पर्यंत सारे लिहितो. न ऐकलेल्या पदांविषयी ‘पदे श्रवणमधुर आहेत’ असे बिनदिक्कत ठोकून देतो, आणि (प्राध्यापकांनी रागावू नये) त्याला गुणही मिळतात.

८ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. शाहू महाराजांनी बांधलेले ते थिएटर. त्यानंतर जो तो तिथे पाहिलेल्या प्रयोगांच्या आठवणी सांगत होता. मी त्या वाचत होते. माझ्याकडे हळहळण्यापुरतीही एक आठवण नव्हती.

आता मी शहरातच राहते. पण वसतिगृहाचे दार रात्री आठला बंद होते, म्हणजे साडेनऊचा प्रयोग आजही तितकाच लांब. नियम मोडा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की स्नेहसंमेलनात ऑर्केस्ट्रावर जो खर्च होतो, त्यातला काही भाग काढून एखाद्या हौशी संस्थेला आपल्या सभागृहात बोलवावे. नाटक कोणतेही असो, ‘सौभद्र’ चालेल. पेटी-तबल्याची साथ असावी आणि पडदा दुपारी एकला उघडावा. पाचला सुटले तरी गावाहून ये-जा करणाऱ्या सगळ्यांना गाडी मिळते. मी चौकशी केली आहे.

(द्वितीय वर्ष, कला)