प्रवेश आधी की पैसा आधी?
दीक्षितपुऱ्यातील बारावीच्या पालकांसाठी काही विचार

बारावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच त्या आनंदावर चिंतेची छाया पडू लागते. कोणते महाविद्यालय, कोणती शाखा, कोणते गाव, या प्रश्नांचा खल वर्षभर झालेला असतो. मात्र ‘पैशाचे काय?’ हा प्रश्न बहुतेक घरांत सर्वांत शेवटी, आणि तोही दबक्या आवाजात विचारला जातो. शुल्क भरण्याची अंतिम मुदत चार दिवसांवर आली असताना वडील बँकेच्या शाखेत धाव घेतात. हे चित्र कोण्या एका शहराचे नाही. परंतु जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील मराठी कुटुंबांच्या बाबतीत त्याला एक वेगळा पदर आहे. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

जबलपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. पुढे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत जबलपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि दोन शहरांमध्ये राज्याची सीमा आली. घरांतील भाषा, सणवार, सोयरीक यांनी ती सीमा कधी मानली नाही. आजही मुलाला ‘आपल्याकडे’ शिकवायचे म्हणजे नागपूर किंवा पुणे, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते. प्रवेशाचे आणि आर्थिक सवलतीचे नियम मात्र नात्यागोत्यावर चालत नाहीत. ते अधिवासावर चालतात.

येथेच पहिला गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. मातृभाषा मराठी असल्यामुळे महाराष्ट्र शासनाच्या सवलती मिळतील, ही समजूत जबलपूरकरांना लागू पडत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक विवादित सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात स्वतंत्र पात्रता आहे. मध्य प्रदेशातील मराठी विद्यार्थ्यांसाठी तशी तरतूद नाही. दहावी-बारावी जबलपुरात झालेली आणि आई-वडिलांपैकी कोणीही महाराष्ट्राचे अधिवासी नसलेले असतील, तर तो विद्यार्थी प्रवेशाच्या नोंदीत परराज्यातील उमेदवारच ठरतो. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ठराविक प्रवर्गांतील आणि ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. त्या वार्तेने नागपूरच्या मावशीला झालेला आनंद रास्तच होता; पण तिच्या जबलपूरच्या भाचीला त्या सवलतीवर विसंबून चालणार नाही.

याची दुसरी बाजू अशी की, मध्य प्रदेशाचे मूळ निवासी म्हणून जे सहज मिळू शकते, त्याकडे हीच कुटुंबे दुर्लक्ष करतात. राज्याची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत ८५ टक्के गुण मिळवणाऱ्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या शुल्काचा भार, नियमांनुसार, शासन उचलते. केंद्राच्या शिष्यवृत्ती योजनेत बारावीच्या मंडळातील वरच्या २० टक्क्यांत येणाऱ्या आणि ४.५ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी निवड व्हावी लागते, हे खरे. पण अर्जच केला नाही तर निवडीचा प्रश्न उद्भवत नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या ‘प्रगती’ शिष्यवृत्तीत निवड झालेल्या मुलींना वर्षाला ५०,००० रुपये दिले जातात आणि तेथे उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे.

शिवाय घराच्या जवळ काय आहे, हेही पाहिले पाहिजे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जबलपुरात १९४७ पासून आहे, वैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून. केंद्र शासनाची माहिती तंत्रज्ञान संस्था २००५ मध्ये आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१८ मध्ये येथे सुरू झाले. मुलाने गावातच राहावे असा याचा अर्थ नव्हे. परंतु २७० किलोमीटर दूर राहण्या-जेवण्याचा चार वर्षांचा खर्च, आणि तो ज्या महाविद्यालयासाठी करावयाचा त्याचा दर्जा, यांची तुलना कागदावर मांडल्याविना निर्णय घेणे हे डोळे झाकून सही करण्यासारखे आहे.

कर्जाविषयी मराठी मध्यमवर्गाच्या मनात दोन टोकांच्या भावना असतात. ‘ऋण काढून सण’ ही आपल्याकडे निंदेची म्हण. त्यामुळे एक वर्ग शैक्षणिक कर्जाच्या नावानेच बिचकतो, भविष्यनिर्वाह निधी रिकामा करतो, आईचे दागिने गहाण ठेवतो. दुसरा वर्ग कर्ज मिळते आहे म्हणून कोणत्याही महाविद्यालयाचे कोणतेही शुल्क मान्य करतो. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. शिक्षणासाठी घेतलेल्या साहाय्यात कमीपणा नाही. पुण्यात वार लावून जेवत शिकलेल्या पिढीचे नाव आजही आदराने घेतले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंडांच्या त्या साहाय्यासोबत बडोदा संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा लेखी करारही होता. साहाय्य घेणे आणि त्याच्या अटी समजून घेणे, या दोन्ही गोष्टी जोडीने यावयास हव्यात, हाच त्यातील बोध.

अटी समजून घेणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी १ लाख, असे ४ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले, असे समजू. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ते नसतात. पण सरळव्याज चालूच राहते. पाच वर्षांत ते १ लाख ४० हजार होते. ते मुदलात मिळवले की परतफेड ५ लाख ४० हजारांची, आणि दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये. तेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास, किंवा अनुदानातून भागल्यास, हप्ता सुमारे ५,३०० वर येतो. नव्याने नोकरीस लागलेल्या मुलाच्या पगारात महिन्याचे १,८०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. हा हिशेब मुलाच्या समक्ष मांडला जावा, कारण कर्जदार तोच असतो; आई-वडील सहकर्जदार असतात.

व्याजाचा हा भार हलका करण्याच्या योजना आहेत. २००९ पासूनच्या केंद्रीय व्याज-अनुदान योजनेत ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, मान्यताप्राप्त संस्थांतील व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी, हप्तेस्थगितीच्या काळातील व्याज माफ होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगितीच्या काळात ३ टक्के व्याज-सवलत मिळू शकते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश मात्र त्यात बसत नाहीत. म्हणजेच कोणत्या संस्थेत आणि कोणत्या मार्गाने प्रवेश घ्यावा, हा निर्णयच पुढील दहा वर्षांचे व्याज ठरवतो. म्हणून ‘आधी प्रवेश, मग पैसा’ हा क्रम बदलावयास हवा.

कागदपत्रांची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण अर्ज अडतात ते तेथेच. मूळ निवासी आणि उत्पन्नाचा दाखला लोकसेवा केंद्रातून आधीच काढून ठेवता येतो. मराठी घरांत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही लिहिण्याची प्रथा आहे. गुणपत्रिकेवर मात्र बहुधा नाव आणि आडनावच असते, आणि आधारपत्रावर तिसरेच काही. ही विसंगती शिष्यवृत्तीच्या ऐन वेळी दुरुस्त होत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी संलग्न खात्यातच जमा होते. संलग्न केलेले खाते बंद असेल, तर मंजूर झालेला पैसाही हाती येत नाही. अकरावीच्या दिवाळीतच विद्यार्थ्याचे स्वतःचे खाते उघडून ते आधारशी जोडून घेतले, तर हा सारा घोळ टळतो.

बँकांनीही आपल्या बाजूने विचार करावयास हवा. आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ मध्ये आली. ४ लाखांपर्यंत तारण नको, मार्जिन नको, हे तिचे सूत्र होते. २०१५ पासून ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जांना पतहमी निधीचा आधारही लाभला आहे. तरीही लहान रकमेच्या अर्जदाराला ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर अद्याप ऐकावे लागते. अर्ज नाकारावयाचा तर वरिष्ठांच्या संमतीने आणि कारण लेखी देऊनच, हा योजनेतील संकेत केवळ परिपत्रकात राहू नये. थकबाकीची भीती अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण कर्ज थकते ते बहुधा चुकीच्या अभ्यासक्रमासाठी, न उमगलेल्या अटींवर, घाईत घेतलेले. वेळेवर दिलेला सल्ला हीच वसुलीची पहिली पायरी होय.

त्यासाठी मोठ्या मोहिमेची गरज नाही. दीक्षितपुऱ्याच्या परिसरातील शाळांमध्ये, ज्या गावात हितकारिणी सभेसारखी संस्था १८६८ पासून शिक्षणाचे कार्य करीत आली आहे तेथे, दर नोव्हेंबरात एका शनिवारी जवळच्या शाखेतील एक अधिकारी दोन तास बसला तरी पुष्कळ होईल. अकरावी-बारावीच्या मुलांची कागदपत्रे तपासावीत, नावांतील चुका दाखवाव्यात, कर्जाचा हप्ता काढून दाखवावा, आणि शिष्यवृत्ती आधी, बचत नंतर, कर्ज शेवटी, हा क्रम समजावून सांगावा. पालकांनीही त्या दिवशी मुलाला सोबत आणावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. परंतु अंथरूण किती लांब आहे, हे आधी मोजून पाहिले पाहिजे. ते मोजण्याची वेळ निकालानंतरची नव्हे, त्याच्या आधीच्या वर्षाची आहे.