नारळ कोणाला?

संघ तळाला गेला की प्रशिक्षकाच्या हाती नारळ द्यायचा, हा फुटबॉलमधला सर्वांत स्वस्त उपाय. खेळाडू बदलायला पैसा लागतो, मालक बदलायला नशीब. प्रशिक्षक बदलायला एक पत्रक पुरते. या स्वस्ताईची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. बेताच्या पैशांत चालणारा मुंबई एफसी हा क्लब खालिद जमील यांनी २००९ पासून सात वर्षे सांभाळला. करंडक आला नाही, पण आय-लीगमधली जागाही गेली नाही. २०१६ मध्ये ही साथ सुटली. नवे प्रशिक्षक आले, निकाल बिघडताच तेही गेले आणि भर हंगामात आणखी एक आले. २०१६-१७ च्या त्या हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर राहिला आणि त्याची वरच्या श्रेणीतली जागा गेली. त्याच हंगामात आय-लीग जिंकली मिझोरमच्या ऐजॉल एफसीने; प्रशिक्षक होते जमील.

यावर प्रतिवाद जमील यांच्याच कारकिर्दीतून करता येईल. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने आपल्या प्रशिक्षकाला हटवून हंगामी सूत्रे त्यांच्याकडे दिली आणि धडपडणारा संघ थेट उपांत्य फेरीत पोहोचला. म्हणजे बदल लाभतो? पुढच्या हंगामात हेच जमील पूर्णवेळ प्रशिक्षक असताना तोच संघ अकरांत दहावा आला. वर्षभरात माणसाची अक्कल एवढी आटत नाही. नेदरलँड्समध्ये १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षक-बदल तपासले गेले, तेव्हा हकालपट्टीनंतर संघ सावरतात हे दिसलेच. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला, तेही जवळपास तेवढेच सावरलेले आढळले. वाईट काळ बहुधा आपणहून सरतो. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते.

मग नालायक प्रशिक्षकालाही पोसत राहायचे का? मुळीच नाही. खेळाडूंचा त्याच्यावरचा विश्वास उडाला असेल, तरुण पोरे त्याच्या हाताखाली खुंटत असतील, तर हंगाम संपण्याचीही वाट पाहू नये. पण त्याआधी पगार वेळेवर झाले का, सरावाला धड मैदान होते का आणि खेळाडू निवडले कोणी, याची उत्तरे संचालकांनी द्यावीत. एफसी पुणे सिटीने पाच हंगामांत, हंगामी सोडून, सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले. संघाला एकदाच उपांत्य फेरी दाखवणारे रँको पोपोविचही पुढच्या हंगामाला उरले नाहीत. २०१९ मध्ये क्लबच उरला नाही. छत्रपती संभाजीनगरला हे नवे वाटू नये. व्यावसायिक फुटबॉल क्लब आपल्याकडे नसला, तरी महापालिका आहे. मार्च २०१८ मध्ये मिटमिट्यात कचऱ्याचा प्रश्न पेटला, तेव्हा आयुक्तांना जावे लागले. कचरा जागेवरच होता. तेव्हा धडपडणाऱ्या क्लबने केवळ निकाल बिघडले म्हणून निदान एक पूर्ण हंगाम प्रशिक्षक बदलू नये. नारळ फोडायचाच असेल, तर तो सरावाच्या चांगल्या मैदानाच्या भूमिपूजनाला फोडावा.