क्लब बुडायलाही हवा

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधला करिअर मोड सुधारा, असं म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. खेळ आहे तो, हिशेबाची वही नाही. एकट्यानं खेळायच्या मोडमधून कंपनीला पुन्हा पुन्हा पैसा मिळत नाही, मग ती त्यावर खर्च का करेल? एवढं खोलात शिरायचं असेल तर 'फुटबॉल मॅनेजर' घ्या. आणि शेवटचं, आपल्याच माणसांकडून येणारं: इथल्या फुटबॉलला विचारतं कोण, की त्याच्यासाठी गेम बदलावा? ही सगळी उत्तरं चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे आपल्याच फुटबॉलच्या गेल्या पंधरा-वीस वर्षांवरून दाखवता येतं.

दोष नेमका कुठे आहे ते आधी सांगतो. पत्रकार परिषदेतले तेच ते प्रश्न किंवा दोन-चार हंगामांनंतर सगळ्या मोठ्या संघांचं एकसारखं दिसू लागणं, याबद्दल खेळणारे नेहमी बोलतात. त्या तक्रारी खऱ्या आहेत, पण वरवरच्या आहेत. मुळातला दोष हा की 'फिफा' आणि आताच्या 'ईए स्पोर्ट्स एफसी'च्या करिअर मोडमधला क्लब अमर असतो. मॅनेजरची हकालपट्टी होते, क्लबचं काही वाकडं होत नाही. मालक पैसा घेऊन येण्याची सोय आहे. सुरुवातीला तो पर्याय निवडला की तिजोरी भरते. तोच मालक चार वर्षांनी हात झटकून निघून गेला, असं मात्र कधीच घडत नाही. मैदानाचा करार संपत नाही. लीग बंद पडत नाही. म्हणून तिथे मिळवलेल्या कशाचीच किंमत राहत नाही.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लब बंद झाला. कल्याणी समूहाचा पुण्यातला भारत एफसी एक हंगाम आय-लीग खेळला आणि संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये गेला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर (आयएसएल) आलेल्या एफसी पुणे सिटीचं तर विलक्षणच झालं. २०१९ मध्ये मालकांची आर्थिक ताकद संपली, तीच जागा हैदराबादला गेली आणि हैदराबाद एफसीनं २०२१-२२ चा आयएसएल करंडकही जिंकला. मग हैदराबादचीही घडी विस्कटली आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला गेला. सहा वर्षांत तीन शहरं.

याहून विलक्षण आहे खालिद जमील यांची कथा. ते महिंद्राकडून खेळले, पुढे मुंबई एफसीकडून खेळले आणि मग अनेक वर्षं त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षक राहिले. तुटपुंज्या साधनांवर त्यांनी तो संघ वर्षानुवर्षं वरच्या विभागात टिकवला. २०१६ मध्ये त्यांचं आणि क्लबचं नातं संपलं आणि ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल त्याआधीच्या हंगामात खालच्या विभागात ढकलला गेला होता. पण भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं आणि ऐझॉलला परत वर घेतलं गेलं. त्या २०१६-१७ च्या हंगामात ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली घसरला आणि कायमचा बंद पडला. जमील २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ही कथा कोणत्याही करिअर मोडमध्ये घडूच शकत नाही. गोव्याच्या क्लबांची माघार तिथे नाही, त्यामुळे ऐझॉलला मिळालेली दुसरी संधीही नाही. मुंबई एफसी खाली गेला असता, पुढच्या वर्षी परत वर आला असता आणि कुणाला काहीच वाटलं नसतं. ज्यांना वाटतं की बंद पडणं, माघार, निषेध हे सगळं खेळाबाहेरचं रटाळ कामकाज आहे, त्यांनी सांगावं की भारतीय फुटबॉलमधली याहून थरारक गोष्ट कोणती. ती त्या कामकाजातूनच जन्माला आली. मजा आणि हिशेब यांची फारकत करणाऱ्यांनी फुटबॉल नीट पाहिलेला नाही. गोल झाल्यावर माणूस जागचा उठतो, कारण तो झाला नसता तर काय गेलं असतं हे त्याला माहीत असतं.

'हे सगळं गेममध्ये घालणं अवघड आहे' असंही म्हणतात. 'फुटबॉल मॅनेजर'च्या २०१७ च्या आवृत्तीत ब्रेक्झिट घातला होता. ब्रिटन युरोपीय संघातून कसा बाहेर पडेल हे प्रत्येक डावात वेगळं निघायचं आणि त्यावर परदेशी खेळाडूंचे नियम बदलायचे. एका राष्ट्राचा राजकीय गुंता मावतो, तर एका मालकाचं दिवाळं का मावणार नाही? अमेरिकन फुटबॉलच्या 'मॅडेन'मध्ये संघ दुसऱ्या शहरात हलवायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. तो गेमही ईएचाच. २०२० मध्ये 'मॅडेन'च्या चाहत्यांनी करिअर मोडसारखाच असलेला फ्रँचाइझ मोड दुरुस्त करा म्हणून समाजमाध्यमांवर एवढा धोशा लावला की कंपनीला सुधारणा जाहीर कराव्या लागल्या. म्हणजे जमत नाही हे खरं नाही, आणि मागणी नाही हेही खरं नाही.

मी राहतो शीळफाट्याला. मुंब्रा, पनवेल, महापे आणि कल्याण या चारही बाजूंचे रस्ते इथे येऊन भिडतात आणि ट्रकांची रांग हलायचं नाव घेत नाही. कल्याण रस्त्यानं काटईकडे निघालं की दोन्ही बाजूंना टॉवर. त्या टॉवरांमधली पोरं घरात कंट्रोलर घेऊन बसतात आणि बाहेर पडली तर तासाचे पैसे भरून जाळीतल्या टर्फवर पाच-पाच जणांचा सामना खेळतात. अकरा विरुद्ध अकरा खेळायचं म्हटलं की जागेचा शोध सुरू होतो. 'फिफा २२' मध्ये आपला क्लब तयार करायची सोय आली, तेव्हा शीळफाटा नावाचा क्लब काढणं कुणालाही शक्य झालं. चिन्ह निवडा, जर्सीचे रंग निवडा, स्टेडियम निवडा, एखाद्या लीगमधला एक क्लब बाजूला सारून त्याच्या जागी जाऊन बसा. स्टेडियम निवडा! इथे क्लब काढणाऱ्या माणसाचा सगळा जन्म ज्या प्रश्नात जाईल, तो प्रश्न गेम एका बटणावर सोडवून टाकतो.

शीळफाट्याच्या क्लबनं खेळायचं कुठे? शीळ ठाणे महापालिकेत, रस्त्यानं थोडं पुढे गेलं की कल्याण-डोंबिवलीचा मुलूख, डोंगर ओलांडला की नवी मुंबई. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल आहे, पण ते दुसऱ्या महापालिकेचं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम खासगी. क्रिकेटच्या तारखा आधी, पावसाळ्याचे चार महिने वेगळे, आणि संध्याकाळी महापे रस्त्यावरून प्रेक्षक सामन्याला वेळेवर पोहोचेल याची खात्री नाही. मोठ्या क्लबांनाही हे चुकलेलं नाही. मुंबई सिटी एफसी पहिली दोन वर्षं नेरूळला खेळली. १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी ते स्टेडियम लागणार म्हणून २०१६ मध्ये अंधेरीला गेली. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी अंधेरी चाललं नाही, तेव्हा घरचे सामने पुण्यात बालेवाडीला आणि अल हिलालविरुद्धचा नेरूळला झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आमच्या शीळफाट्याला संपतो, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. एवढं काम होऊ शकणाऱ्या भागात क्लबला मैदान मिळवायला काय करावं लागेल, हा करिअर मोडचा अख्खा पहिला हंगाम होऊ शकतो. कुणाकडून भाड्यानं घ्यायचं, किती वर्षांसाठी, दिवे आहेत का, डोंबिवलीचे प्रेक्षक नेरूळला येतील का. यात रटाळ काय आहे? मला तर हे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बाजारापेक्षा जास्त खेळावंसं वाटतं.

पैशाच्या आक्षेपात तथ्य आहे, ते नाकारत नाही. २०२१ च्या आर्थिक वर्षात ईएला खेळाडूंचे पॅक विकणाऱ्या एकट्या अल्टिमेट टीम मोडमधून सुमारे १.६२ अब्ज डॉलर मिळाले, एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के. पॅक उघडण्याच्या नादाला लागलेल्या पोराकडून दर आठवड्याला पैसे येतात, करिअर मोडवाला वर्षातून एकदाच देतो. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन पॅक उघडणं जुगारात मोजलं आणि ईएला तिथे ती विक्री थांबवावी लागली. ज्या उत्पन्नावर उद्या आणखी एखादा देश कायदा करू शकतो, त्याच्यावर सगळा डोलारा उभा करणं हा कसला व्यवहार? कोनामीनं २०२१ मध्ये 'ईफुटबॉल' फुकट आणला तेव्हा त्यात मास्टर लीग हा त्यांचा करिअर मोडच नव्हता. ज्या मोडवर एका पिढीनं रात्री जागवल्या तोच गाळून कंपनीनं आपल्या सर्वांत निष्ठावान गिऱ्हाइकाला दाराबाहेर उभं केलं. दुसरीकडे 'फुटबॉल मॅनेजर' पॅक न विकता तीन दशकांहून जुन्या परंपरेवर उभा आहे. २०२५ ची आवृत्ती मनासारखी होत नाही म्हणून त्यांनी ती रद्द केली आणि तरी लोक पुढच्या आवृत्तीची वाट पाहत राहिले.

मग 'फुटबॉल मॅनेजर'च खेळा की? तो मी खेळतो आणि त्याचा आदर करतो. तिथे क्लब प्रशासकांच्या ताब्यात जातो, गुण कापले जातात. पण तिथे पायात चेंडू नसतो. ज्या पोराला स्वतः पास द्यायचा आहे, स्वतः गोल मारायचा आहे, त्याला जबाबदारीचा क्लब नको असतो हे कुणी ठरवलं? स्वतः मारलेल्या गोलानं क्लब वाचला, हा अनुभव आकड्यांच्या तक्त्यातून मिळत नाही.

आपल्या फुटबॉलला कमी लेखणारा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. 'फिफा २२' मध्ये आयएसएल आली तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला होता. पण आली ती एकटीच, खाली आय-लीग नाही, म्हणजे वर-खाली जाण्याचा प्रश्नच मिटला. आणि खऱ्या लीगचं काय झालं? महासंघानं डिसेंबर २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला होता. तो संपत आल्यावर जुलै २०२५ मध्ये आयएसएल स्थगित झाली. नव्या हक्कांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. त्या डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीतला हिस्सा सोडला. हाच क्लब एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला होता. जिथे इतकं घडतं त्या फुटबॉलला विचारणारं कुणी नाही म्हणणं हे अज्ञान आहे. इंग्लंडमधल्या कोणत्याही मधल्या फळीच्या क्लबपेक्षा मुंबई सिटीचं करिअर जास्त अवघड आणि जास्त रंगतदार ठरेल, फक्त गेमनं ते खरं दाखवावं.

प्रेक्षकाचंही तसंच. करिअर मोडमधला प्रेक्षक म्हणजे पार्श्वभूमीचा आवाज. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम खेळते तेव्हा पेठ खेळते. तिथल्या क्लबला मालक सोडून जाईल ही भीती नसते, कारण तो मुळात एका मालकाचा नसतोच. हा मालकीचा वेगळा प्रकार गेममध्ये हवा, कारण तो क्लबला वाचवूही शकतो.

विम्बल्डनचं उदाहरण घ्या. संघ मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली तेव्हा २००२ मध्ये समर्थकांनीच एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालून सुरुवात केली, २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनवर घरी परतला. ईएच्या गेममध्ये एएफसी विम्बल्डन आहे. त्याच्याकडून खेळता येतं, त्याच्या समर्थकांनी जे केलं ते करता येत नाही. ते करता आलं पाहिजे, आणि पुण्याच्या माणसालाही करता आलं पाहिजे. २०१९ साल उजाडलं, मालक निघाले, संघाला हैदराबादहून मागणी आली. खेळणाऱ्यापुढे तीन वाटा ठेवा: संघाबरोबर हैदराबादला जा, दुसऱ्या क्लबची नोकरी शोध, किंवा पुण्यात थांबून उरलेल्या समर्थकांना घेऊन जिल्हा लीगमध्ये नवा संघ उतरव. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक बटण ठेवा आणि त्यांचे क्लब अमर राहू देत. मला तिसरी वाट खेळायची आहे.